नौदलाच्या जुन्या विमानांची छायाचित्रे आणि आठवणी : एक चिकित्सक अभ्यास

सारांश : भारतीय नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेली सी हॉक, अलिझे, सीलँड, सी हॅरियर यांसारखी विमाने आज मुख्यतः दोन रूपांत उरली आहेत. काही विमाने संग्रहालयांच्या आवारात उभी आहेत. बाकीची छायाचित्रांत आणि आठवणींत आहेत. छायाचित्र व आठवण ही दोन्ही साधने भूतकाळ जपतात असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी केली आहे. छायाचित्र विमानाचे रूप जपते, परंतु त्या विमानामागचे श्रम, अडचणी व हानी चौकटीबाहेर ठेवते. आठवण हे सर्व सांगू शकते, परंतु आजवर नोंदल्या गेलेल्या आठवणी प्रामुख्याने अधिकारी व वैमानिक यांच्या आहेत. या दोन्ही उणिवा एकमेकांच्या साहाय्यानेच भरून निघू शकतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : नौदल विमाने, विक्रांत, छायाचित्र, सामूहिक स्मृती, फोटोओळ, संग्रहालय.

प्रस्तावना

यंत्राचे आयुष्य माणसाच्या आयुष्यापेक्षा सहसा लहान असते. सी हॉक हे विमान १९५३ मध्ये ब्रिटिश नौदलात आले. भारतीय नौदलाने ते १९६० मध्ये स्वीकारले आणि १९८३ च्या अखेरीस सी हॅरियर दाखल होईपर्यंत त्याचा काळ संपला. सी हॅरियरनेही २०१६ मध्ये निरोप घेतला. ज्यांनी ही विमाने उडवली, ज्यांनी त्यांची इंजिने उतरवली व चढवली, ज्यांनी ती डेकवर ढकलत नेली, ती माणसे मात्र यंत्रानंतरही उरली. त्यामुळे जुन्या विमानांविषयीच्या लेखनाला व छायाचित्रसंग्रहांना एक विशिष्ट भावस्वर प्राप्त झाला आहे. त्यात अभिमान आहे, हळहळ आहे आणि तांत्रिक तपशिलांविषयीचे प्रेमही आहे.

या सामग्रीकडे समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. युद्धेतिहासाचे अभ्यासक तिच्याकडे पुरावा म्हणून पाहतात, तर हौशी संग्राहक तिच्याकडे ठेवा म्हणून पाहतात. परंतु छायाचित्र आणि आठवण या दोन्ही मूलतः रचना आहेत. त्यांत निवड असते, मांडणी असते आणि गाळणेही असते. कादंबरीत कोण बोलते व कोणाला बोलू दिले जात नाही हा प्रश्न जसा समीक्षक विचारतो, तसाच तो येथेही विचारणे आवश्यक आहे. मॉरिस हाल्बवाक्स यांनी मांडलेली सामूहिक स्मृतीची कल्पना या संदर्भात उपयुक्त ठरते. माणूस एकटा आठवत नाही. तो ज्या गटात राहतो त्या गटाच्या चौकटीत आठवतो, हे त्या कल्पनेचे सार होय. नौदलाचे विमानपथक हा असाच एक गट आहे.

१. छायाचित्रातील विमान

भारतीय नौदलाच्या वैमानिकी इतिहासाचा प्रारंभ १९५३ मध्ये झाला. त्या वर्षी बेलफास्ट येथील शॉर्ट कंपनीची सीलँड ही जलस्थलचर विमाने कोचीला आली आणि ११ मे १९५३ रोजी तेथे ‘गरुड’ हा नौदलाचा हवाई तळ कार्यान्वित झाला. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे विक्रांत ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी यांनी तिच्या डेकवर पहिले जेट विमान, म्हणजे सी हॉक, उतरवले. हेच अधिकारी पुढे १९८४ ते १९८७ या काळात नौदलप्रमुख झाले. याच टप्प्यापासून नौदल विमानांच्या छायाचित्रांचा एक ठराविक नमुना दिसू लागतो. विमान डेक सोडून नुकतेच हवेत गेले आहे किंवा शेपटीकडील हुक डेकवरील तारेत अडकून ते थांबण्याच्या बेतात आहे, हे दोन क्षण पुनःपुन्हा टिपलेले आढळतात.

या निवडीमागे दृश्यात्मक कारण आहे. नौकेवरील विमानाचे सारे वेगळेपण याच दोन क्षणांत एकवटलेले असते. अत्यंत तोकड्या जागेतून झेप घेणे आणि हलत्या जागेवर उतरणे हे जमिनीवरील विमानाला करावे लागत नाही. परंतु हे दोन क्षण वारंवार टिपले गेल्यामुळे विमानाचे संपूर्ण जीवन त्यांच्यापुरतेच होते असा समज निर्माण होतो. वस्तुतः प्रत्येक उड्डाणामागे कित्येक तासांचे काम असते. पंख घडी करून विमान लिफ्टने खालच्या हँगरमध्ये नेणे, खारट हवेमुळे चढणारा गंज काढणे, इंधन भरणे, दारूगोळा चढवणे, तारांची तपासणी करणे ही कामे छायाचित्राच्या दृष्टीने क्षणभंगुर नाहीत, म्हणून ती टिपण्याजोगीही ठरत नाहीत.

१९७१ च्या युद्धकाळातील विक्रांतवरून अलिझे विमान झेपावत असल्याचे छायाचित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ते सर्वत्र पुनर्मुद्रित झालेले आहे. त्यात सामर्थ्याचा प्रत्यय येतो. तथापि त्या काळात विक्रांतच्या बॉयलरच्या ड्रमला भेगा पडल्या होत्या आणि तिच्या वेगावर मर्यादा आल्या होत्या. विमानवाहू नौकेच्या बाबतीत वेग हा केवळ प्रवासाचा प्रश्न नसतो. नौका वाऱ्याच्या दिशेने तोंड करून जितक्या वेगाने जाईल, तितका समोरचा वारा डेकवर मिळतो आणि त्या वाऱ्यावरच विमानाला उचल मिळते. म्हणजे बॉयलरमधील भेग ही थेट विमानाच्या पंखांशी जोडलेली होती. अशा नौकेला बंगालच्या उपसागरात नेण्याचा निर्णय हा धोका पत्करून घेतलेला निर्णय होता. ४ डिसेंबर १९७१ रोजी सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला व त्यानंतर चितगावला लक्ष्य केले. या यशामागे डेकखाली, उष्णतेत, बॉयलरवर लक्ष ठेवून बसलेली माणसे होती. छायाचित्रातील विमानाला जी हवा उचलून धरते ती हवा या माणसांनी निर्माण केलेली आहे. परंतु हवेचे छायाचित्र निघत नाही आणि त्या माणसांचेही निघालेले नाही.

२. न निघालेले छायाचित्र

छायाचित्राची दुसरी मर्यादा हानीच्या संदर्भात जाणवते. अलिझे हे फ्रान्समधील ब्रेगे कंपनीचे पाणबुडीविरोधी विमान होते. टर्बोप्रॉप इंजिनाच्या या विमानात तीन जण बसत आणि त्याच्या पोटाखालून रडारचा घुमट बाहेर काढता येत असे. पाण्यावर बराच काळ संथपणे फिरत शोध घेणे हे त्याचे काम होते. संथपणा हा त्याचा दोष नसून गुण होता. मात्र शत्रूच्या लढाऊ विमानापुढे तोच गुण घातक ठरणार होता.

९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळच्या समुद्रात खुकरी ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली. तिच्यासोबत १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबर रोजी, अरबी समुद्रावर गेलेले एक अलिझे विमान पाकिस्तानच्या एफ-१०४ स्टारफायटर या ध्वनीहून वेगवान विमानाने पाडले. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि एअरक्रूमन विजयन हे तिघे परतले नाहीत.

अलिझेच्या उपलब्ध छायाचित्रांचा विचार करता हा प्रसंग त्यांत कोठेही नाही, आणि तो असूही शकत नाही. समुद्रावर पडलेल्या विमानाचे अवशेष उरत नाहीत. तेथे उभे राहून कोणी छायाचित्र काढत नाही. जमिनीवरील युद्धात उद्ध्वस्त रणगाडा वा पडकी भिंत उरते व तिचे चित्र निघते. समुद्र मात्र घटनेची खूण तत्काळ पुसून टाकतो. परिणामी नौदल विमानांच्या चित्रसंग्रहात विमाने नेहमी सुस्थितीत, सूर्यप्रकाशात, रंग दिलेली अशी दिसतात. हा संग्रह खोटा नाही. परंतु तो एकांगी आहे. रोलाँ बार्थ यांनी छायाचित्रावरील आपल्या १९८० च्या ग्रंथात छायाचित्राचे मर्म ‘हे होऊन गेले आहे’ या जाणिवेत शोधले. नौदलाच्या बाबतीत या जाणिवेची उलट बाजूही मांडावी लागते. ‘हे होऊन गेले, पण त्याचे छायाचित्र नाही’ अशा घटना येथे मोठ्या संख्येने आहेत, आणि त्या घटनांचे एकमेव घर म्हणजे आठवण होय.

३. आठवणींची भाषा

आठवणी छायाचित्राने सोडलेली जागा भरून काढतात काय, हा पुढील प्रश्न होय. या विषयावरील महत्त्वाचे साहित्य निवृत्त नौदल अधिकाऱ्यांनी लिहिले आहे. १९७१ मध्ये पूर्व नौदल विभागाचे प्रमुख असलेले व्हाइस अॅडमिरल एन. कृष्णन यांचे ‘नो वे बट सरेंडर’ आणि व्हाइस अॅडमिरल जी. एम. हिरानंदानी यांचे २००० मध्ये प्रसिद्ध झालेले ‘ट्रान्झिशन टू ट्रायम्फ’ ही त्याची ठळक उदाहरणे होत. हिरानंदानी यांचा ग्रंथ १९६५ ते १९७५ या दशकाचा इतिहास सांगतो आणि घटनांत प्रत्यक्ष सहभागी झालेल्यांच्या आठवणींना त्यात मोठे स्थान दिले आहे. अधिकृत कागदपत्रांच्या रुक्षतेला या आठवणींमुळे छेद जातो. बॉयलरच्या दुरवस्थेसारख्या गोष्टी सामान्य वाचकापर्यंत पोहोचल्या त्या अशा लेखनामुळेच, हे मान्य करावे लागते.

तथापि या आठवणींचे स्वरूप पाहता दोन बाबी लक्षात येतात. पहिली बाब अशी की, त्या निर्णयाच्या पातळीवरून सांगितलेल्या आहेत. ‘काय ठरले’ आणि ‘काय साधले’ यांना त्यांत अग्रस्थान आहे. ‘कोणी कसे केले’ हे दुय्यम राहते. दुसरी बाब भाषेची आहे. हे लेखन इंग्रजीत आहे. नौदलाची कामकाजाची भाषा इंग्रजी असल्याने हे स्वाभाविक आहे. परंतु ज्या नौसैनिकाने घरी मराठी, कोकणी, मल्याळम वा तेलुगूमध्ये आपल्या नोकरीच्या हकिकती सांगितल्या, त्याचे कथन या ग्रंथांच्या कक्षेत येत नाही. त्याचे कथन कागदावर उतरले नाही; ते घरातील ओटीवर झाले आणि तेथेच विरले. कोकणातून नौदलात व व्यापारी जहाजांवर जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. असे असूनही मराठीत नौदलाच्या विमानपथकांतील तंत्रज्ञांचे अनुभवकथन विरळच आढळते. मराठी आत्मकथनाने शेतमजूर, गिरणी कामगार, भटके-विमुक्त यांच्या जगण्याला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याच साहित्यात हँगरमधील मिस्त्रीला जागा मिळू नये, ही उणीव विचार करण्याजोगी आहे.

४. पथकाचे समूहछायाचित्र

चौकटीबाहेर राहिलेली ही माणसे छायाचित्रात दिसतात असा एक प्रकार मात्र आहे, तो म्हणजे पथकाचे समूहछायाचित्र. यात विमान पार्श्वभूमीला उभे असते. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर अधिकारी बसलेले असतात, मध्यभागी पथकप्रमुख असतो आणि मागील रांगांत नौसैनिक व तंत्रज्ञ उभे असतात. वरवर पाहता हे अत्यंत औपचारिक, म्हणून निरस छायाचित्र वाटते. उड्डाणाचे नाट्य त्यात नसते. समीक्षेच्या दृष्टीने मात्र तेच अधिक मोलाचे आहे, कारण एका विमानासाठी किती माणसे लागतात हे त्यात उघड दिसते. सी हॉक हे एकाच वैमानिकाचे विमान होते. तरीही त्याच्या पथकाचे चित्र एकट्या माणसाचे कधीच नसते.

या छायाचित्रातील श्रेणीरचना त्याच्याखालील मजकुरातही उमटते. पुढच्या रांगेतील नावे लिहिली जातात. मागील रांगांतील नावे अनेकदा गाळली जातात. चेहरा आहे पण नाव नाही, अशी ही अवस्था आहे. उड्डाणाच्या छायाचित्रात माणूसच नव्हता. येथे तो आहे, परंतु अनामिक आहे. हे छायाचित्र त्या माणसाच्या घरी भिंतीवर लावलेले असेल तर तेथे मात्र अर्थ उलटतो. घरच्यांच्या दृष्टीने मागच्या रांगेतील तो एकच चेहरा महत्त्वाचा असतो, आणि पुढच्या खुर्च्यांवरील सारे अधिकारी अनामिक ठरतात. एकच छायाचित्र संग्रहालयात व घरात दोन भिन्न संहिता होते. संग्रहालयाने घरातील संहितेची नोंद घेतल्याशिवाय त्या छायाचित्राचे वाचन पूर्ण होत नाही.

येथे पथकचिन्हाचाही उल्लेख करणे आवश्यक आहे. ३०० क्रमांकाच्या पथकाचे ‘व्हाइट टायगर्स’ हे नाव प्रथम सी हॉकशी जोडले गेले, नंतर ते सी हॅरियरकडे आले आणि २०१६ नंतर मिग-२९के विमानांकडे गेले. विमाने तीन, पण पथक एकच. त्यामुळे पथकातील माणसाच्या आठवणीत सातत्य असते, तर यंत्रप्रेमी छायाचित्रसंग्राहकाच्या वर्गीकरणात प्रत्येक विमान स्वतंत्र प्रकरण होते. एकाची स्मृती माणसांच्या परंपरेने बांधलेली आहे, तर दुसऱ्याची यंत्रांच्या यादीने.

५. स्थळ हरवते तेव्हा

स्मृतीला स्थळाचा आधार लागतो, हा विचार पिएर नोरा यांच्या ‘स्मृतिस्थळ’ या संकल्पनेत मांडला गेला. विक्रांत हे असे स्मृतिस्थळ होते. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती सेवेतून निवृत्त झाली. २००१ पासून मुंबईत ती तरंगते संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली होती. २०१२ मध्ये ती सुरक्षिततेच्या कारणास्तव बंद करण्यात आली. तिच्या जतनाचे प्रयत्न न्यायालयापर्यंत गेले, परंतु ते निष्फळ ठरले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबईतच तिची मोडतोड सुरू झाली. तिचे काही पोलाद २०१६ मध्ये एका मोटारसायकलच्या निर्मितीत वापरले गेले. विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेचीही हीच गत झाली; २०१७ मध्ये निवृत्त झालेली ही नौका गुजरातमधील अलंग येथे मोडीत निघाली. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नवी विक्रांत दाखल झाली आणि नाव पुढे चालू राहिले. नाव चालू राहणे व स्थळ चालू राहणे यांत मात्र अंतर आहे. ज्या डेकवर सी हॉक उतरले तो डेक आता कोठेही नाही. त्यामुळे जुन्या विक्रांतवरील विमानांची छायाचित्रे हीच त्या स्थळाची शेवटची खूण ठरली आहेत, आणि त्यांच्यावरील जबाबदारी वाढली आहे.

गोव्यातील परिस्थिती याहून वेगळी आहे. बोगमाळो येथील नौदल वैमानिकी संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. सीलँड, फायरफ्लाय, व्हॅम्पायर, सी हॉक, अलिझे, सी हॅरियर ही विमाने तेथील खुल्या आवारात उभी आहेत. शेजारीच दाबोळीचा हवाई तळ आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या कारवाईत विक्रांत याच किनाऱ्यासमोर समुद्रात होती, आणि १९६४ मध्ये नौदलाचा ‘हंस’ हा तळ दाबोळीला आला. म्हणजे ही विमाने ज्या भूमीवर आज उभी आहेत ती त्यांच्या इतिहासाचाच एक भाग आहे. त्यांच्यावर मुरगावचा पाऊस पडतो, समुद्राची खारी हवा लागते आणि कोणीतरी त्यांना पुन्हा रंग देतो. सेवेत असताना चाललेले काम निवृत्तीनंतरही थांबलेले नाही. नव्या रंगातील विमान छायाचित्रात सुंदर दिसते. पण गंज खरवडणाऱ्या हाताला त्याही छायाचित्रात स्थान मिळत नाही.

६. फोटोओळीचे महत्त्व

या विवेचनातून फोटोओळीचा, म्हणजे छायाचित्राखालील मजकुराचा प्रश्न पुढे येतो. सुझन सोंटॅग यांनी छायाचित्र आपल्या मनावर ठसते, पण समज येते ती कथनातून, अशा आशयाचा विचार मांडला आहे. फोटोओळ हे छायाचित्राला जोडलेले सर्वांत लहान कथन होय. ते नसेल तर काय घडू शकते याचे एक उदाहरण दाबोळीच्याच इतिहासात आहे. बोगमाळोच्या संग्रहालयातील सुपर कॉन्स्टेलेशन हे विमान मूळचे एअर इंडियाचे. प्रवासी सेवेनंतर ते हवाई दलाकडे गेले आणि १९७६ मध्ये सागरी टेहळणीच्या कामासह नौदलाकडे आले. दुसरीकडे, १८ डिसेंबर १९६१ च्या रात्री बॉम्बहल्ला झालेल्या दाबोळीच्या धावपट्टीवरून पोर्तुगीज विमानकंपनीचे एक कॉन्स्टेलेशन विमान निसटून गेले होते. दोन्ही विमाने एकाच कुळातील आणि दोघांचाही संबंध एकाच धावपट्टीशी. तारीख, क्रमांक व मालकी यांची नोंद नसेल तर पुढील पिढीच्या आठवणीत ही दोन विमाने एकच होण्यास वेळ लागणार नाही. मग पळून गेलेले विमान आणि जपून ठेवलेले विमान यांतील फरकच पुसला जाईल.

यास्तव फोटोओळीत केवळ विमानाचे नाव व प्रकार देऊन भागत नाही. विमानाचा क्रमांक, वर्ष, ठिकाण, पथक आणि चित्रातील प्रत्येक माणसाचे नाव ही तिची किमान अंगे होत. विमानाचा क्रमांक हा येथे दुवा ठरतो. शेपटीजवळ रंगवलेल्या क्रमांकावरून छायाचित्र नोंदवहीशी जोडता येते, आणि नोंदवहीवरून त्या विमानावर काम केलेल्या माणसापर्यंत जाता येते. यंत्रप्रेमी संग्राहकांची क्रमांकांविषयीची आस्था अनेकांना छांदिष्टपणा वाटते. वस्तुतः यंत्राकडून माणसाकडे परतण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. नौदल विमानांची छायाचित्रे उड्डाण व अवतरण या दोन क्षणांभोवती केंद्रित असल्याने विमानामागचे दैनंदिन श्रम व यांत्रिक अडचणी त्यांत दिसत नाहीत.

२. समुद्रावरील हानीचे दृश्य अवशेष उरत नसल्याने छायाचित्रसंग्रहातून मृत्यू जवळजवळ अदृश्य होतो. अशा घटनांच्या बाबतीत आठवण हेच प्रधान साधन ठरते.

३. नोंदल्या गेलेल्या आठवणी बहुतांशी अधिकाऱ्यांच्या व इंग्रजीतील आहेत. देशी भाषांतील नौसैनिकांचे कथन हा स्मृतीचा मोठा भाग अद्याप नोंदीविना आहे.

४. समूहछायाचित्र हा दुर्लक्षित प्रकार सर्वाधिक माहिती देणारा असून त्यातील मागच्या रांगांची नावे मिळवणे हे अभ्यासाचे पहिले काम मानले पाहिजे.

५. विक्रांत व विराट या नौका मोडीत निघाल्यानंतर छायाचित्रे व आठवणी यांना पुराव्याबरोबरच स्थळाचेही कार्य करावे लागत आहे.

या कामाला काळाची मर्यादा आहे. १९७१ मध्ये विशीत असलेला नौसैनिक आज सत्तरी ओलांडून गेला आहे. कोकणातील व गोव्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी आपल्या परिसरातील निवृत्त नौसैनिकांच्या घरी जाऊन, भिंतीवरील छायाचित्र समोर ठेवून, मागच्या रांगेत डावीकडून तिसरा कोण, एवढे जरी विचारले तरी एक मौलिक दस्तऐवज सिद्ध होऊ शकेल. विमानाला पुन्हा रंग देता येतो; नाव सांगणारा माणूस गेल्यावर ते नाव कोणत्याही साधनाने परत मिळवता येत नाही.